दसऱ्याआधीची सफाई

आम्ही बौद्ध, त्यामुळे घरात दसऱ्याची शस्त्रपूजा वगैरे नसे. त्या दिवशी घरातली निम्मी माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जात. पण बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते आणि फिटरचा आपला एक वेगळा नेम असतो. कापसाचा हंगाम लागायच्या आत, म्हणजे दसऱ्याआधी, प्रत्येक मशीन उघडायची, घासायची, तिचं तेलपाणी करायचं. आत घाण राहिलेली मशीन ऐन हंगामात दगा देते, यावर त्यांचा ठाम विश्वास.

त्या वर्षी जिनिंगवाल्यांनी फिटरांना बोलावलंच नाही. कापसाचे दिवस वाईट होते. बाबा रोज सकाळी केळापूरहून पांढरकवड्याला सायकलने जात, गेटवरच्या चौकीदाराशी चार शब्द बोलून परत येत आणि दिवसभर अंगणात बसून राहत.

घरात एकच मशीन चालू होती, माझा कॉम्प्युटर. जिनिंगच्या ऑफिसने भंगारात काढलेला तो डबा बाबांनीच मागून आणला होता. मी यवतमाळला कॉलेजात होते. पुण्याच्या एका कंपनीने मला घरी करायला एक प्रोग्राम दिला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो ईमेलने पाठवायचा. चालला तर नोकरी. त्या हंगामात घरात दुसरा पगार कुठून येणार होता?

प्रोग्राम लिहायचा म्हणजे एडिटर लागतो, कॉम्प्युटरमधली लिहायची वहीच ती. पुढच्या वर्गातल्या एका ताईने दिलेल्या सीडीवरून मी विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं, त्यात काळ्या पडद्याचा एक एडिटर होता. सुरुवातीला तो अगदी अडाणी. लोकांच्या स्वयंपाकघरात मीठ शोधावं तशी माझी गत व्हायची. मग सायबर कॅफेत जाऊन वाचायचं, घरी येऊन सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घालायची, मध्येच वीज गेली की कपाळाला हात लावायचा. असं करत करत मी त्याला शहाणा केला. शब्द रंगांत दिसू लागले. कंस उघडा राहिला की तो लाल होई. एक बटण दाबलं की प्रोग्राम चाले, आणि चूक असली तर एडिटर मला नेमका त्या ओळीवर नेऊन उभा करी. माझं इतकं ऐकणारं दुसरं कोणी घरात नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी शेवटचा पेपर देऊन यवतमाळहून आले. बाबा दारातच उभे होते, कितीतरी दिवसांनी हसत.

"हे पाय माय, तुही मशीन कशी नवीकोरी केली!"

डबा बाहेरून चमकत होता, आतला पंखा ब्रशने साफ करून ग्रीस लावलेला. एवढ्यावर थांबले असते तर! पण बाबा अर्धवट सफाई करणारे नव्हतेच. स्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेऊन त्यांनी ती आतूनही साफ करवली होती. लिनक्स पुसलं गेलं होतं; पडद्यावर आता सगळ्यांकडे असतं तेच विंडोजचं हिरवं कुरण आणि निळं आभाळ.

"पहिले सुरू व्हाले किती वेळ लावे, आता पाय! अन् तुह्या फायली सोताच्या समोर ठेवाले लावल्या म्या. एकही जाऊ देली नाही."

खरंच, प्रोग्रामच्या सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. नव्हता तो एडिटर, आणि प्रोग्राम चालवून पाहायची सोयही गेली होती. सेटिंगच्या फाइलीचं नाव टिंबाने सुरू होई आणि तसल्या फाइली डोळ्यांना दिसत नाहीत, मग त्या कोण वाचवणार? सीडी परत गेली होती, ती ताई हैदराबादला. कॉलेजला सुट्टी, सायबर कॅफेही दसऱ्यामुळे बंद.

मला ओरडावंसं वाटलं. पण कोणावर? बाबांच्या नखांत ग्रीस होतं, कितीतरी महिन्यांनी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"काहून गप झाली? बरी नाही झाली का?"

"लय बरी झाली, बाबा," मी म्हटलं.

दसऱ्याचा सगळा दिवस मी साध्या नोटपॅडमध्ये उरलेला प्रोग्राम लिहिला. सगळी अक्षरं सारखीच काळी. चालतो की नाही हे कळायचा मार्ग नव्हता. बाबा मधूनमधून मागे येऊन उभे राहत आणि मशीन आता आवाज करत नाही, हे समाधानाने ऐकत. दुसऱ्या दिवशी कॅफे उघडताच मी तो डोळे मिटून पाठवला.

उत्तर लवकर आलं. प्रोग्राम चालला नव्हता. त्यांनी कारणही कळवलं होतं, एक कंस बंद करायचा राहिला होता.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय म्हणते कंपनी?"

"नाही म्हणते."

ते उठून मशीनपाशी गेले. मग कॉम्प्युटरवर हात ठेवून हळूच म्हणाले, "पण मशीननं तर दगा नाही देला ना?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "मशीन चांगलीच चालली."