राबाची काडी

वर्षभर आगपेटी मी तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवायचे. गेल्या वर्षी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, टहाळ तोडताना आमचे हे ऐनाच्या झाडावरून डोक्यावर पडले. मेंदूची शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. "विस्तव, धार, उंची, तिन्हींपासून लांब ठेवा," डॉक्टरांनी बजावलं होतं. खरंच होतं ते. सदऱ्यात आधी कुठला हात घालायचा, हे यांना सुचत नसे. मी सारखी मागे मागे. मी चिडायचे, आणि चिडले म्हणून स्वतःवरच चिडायचे.

त्या सकाळी मी यांच्या गोळ्या आणायला आटगावला गेले. परतले तर ओटीवर सासूबाई एकट्याच.

"हे कुठं गेले?"

"राब भाजायला."

"आन तुमी जाऊ दिलं?"

"राब त्याचाच हाय गो."

डबा उघडला. तांदूळ हाताने सारखे केलेले, आगपेटी नाही. मी तशीच धावले.

शेण, टहाळ, पाला पसरून राब मीच रचला होता. त्याच्या पलीकडे आमची पेंढ्याची गंजी, तिला लागून गोठा. वारा डोंगराकडून गंजीकडे. डोंगराच्या बाजूने काडी लावली तर जाळ एका झपाट्यात गंजीवर. म्हणून ती गंजीकडच्या कडेला लावायची, मग जाळ वाऱ्याशी भांडत सावकाश मागे सरकतो. इथल्या पोराटोरांनाही हे कळतं. पण यांना सदरा कळत नव्हता.

हे डोंगराच्या बाजूलाच उभे होते, हातात आगपेटी. ओरडलं की बिथरतात, म्हणून मी पदर दातांत धरला.

यांनी वाकून चिमूटभर माती उचलली, सोडली. ती गंजीकडे उडाली. हे बघत राहिले, किती वेळ कोण जाणे. मग वळले आणि सावकाश पलीकडे गेले. तिथे गंजीपुढची पट्टी यांनी आधीच झाडून काढलेली, पाण्याचा हंडाही भरून ठेवलेला. दोन काड्या विझल्या. तिसरी लागली.

जाळ मुंगीच्या पावलांनी मागे सरकू लागला. हे ओली फांदी घेऊन कडेने फिरत राहिले. मला रडू आवरेना.

राब भाजून झाल्यावर माझ्यापाशी आले, आगपेटी हातावर ठेवली.

"घे. तांदलात ठेव परत. दिवाळीपासून बघतोय."

डब्यात ठेवायची लाज वाटली, चुलीपाशी ठेवायची भीती. संध्याकाळपर्यंत ती माझ्या कमरेलाच खोचलेली होती.