फॅटच्या दराखालची मेंढी

बारावी झाली, पण पुढे शिकायचं की लग्न करायचं हे ठरत नव्हतं आणि घरात बसून माझा जीव नुसता वळवळायचा. "पायाला भिंगरी बांधलीय का तुझ्या?" आई सारखी म्हणायची. पण पाटसजवळच्या आमच्या खेड्यात फिरणार तरी कुठे? मग मी दूध डेअरीवर जायचे. सचिवांचं अक्षर दिव्य, म्हणून फळ्यावर फॅटचे, म्हणजे स्निग्धांशाप्रमाणे दुधाचे दर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

दुधाचा टेम्पो संध्याकाळी दौंडहून येताना सकाळचा पेपर आणायचा. त्यातलं काहीतरी मी दराखाली उरलेल्या जागेत खरडायचे. बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला कॉम्प्युटरनं हरवलं. परदेशात एका गुहेत हजारो वर्षांपूर्वीची चित्रं सापडली. दिल्लीतलं सरकार पुन्हा पडलं. गाभाऱ्यात बायकांना जाऊ द्यावं का, यावर पंडित भांडले. रांगेतली माणसं किटल्या खाली ठेवून वाद घालायची आणि फॅट कमी लागल्याचं विसरायची, त्यामुळे सचिव खूश असायचे.

मला दौंडच्या कॉम्प्युटर क्लासला जायचं होतं. विषय काढला की माझे वडील, आप्पा, म्हणायचे, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. त्या शब्दाचा मला भयंकर राग यायचा.

एके दिवशी मी लिहिलं, 'विलायतेत नराशिवाय एका मेंढीपासून हुबेहूब तशीच दुसरी मेंढी तयार केली.' गावात नुसता गदारोळ. आमचं अर्धं गाव एके काळी मेंढरांमागे फिरणारं. आप्पांनीही कळप विकून ऊस लावलेला. एक म्हातारे आबा काठी आपटून म्हणाले, "एडक्याबिगर झाली म्हंजी ती देवाचीच. देवाच्या नावानं सोडल्यावानी मोकळी सोडा तिला. इकायची न्हाई, कातरायची न्हाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. विलायतेला हे कळवायचं कसं, एवढाच प्रश्न उरला.

त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांची मेंढरं अजून होती. येता येता ते डेअरीवर माझी चौकशी करून आलेले. मी पोहे ठेवले तसं त्यांनी विचारलं, "ती मेंढी तूच लिवली व्हय?"

झालं. पदर, खाली मान, सगळं विसरून मी सुरू झाले. आई डोळे वटारत होती आणि माझा गुडघा हलत होता.

सगळं ऐकून पाहुणे आप्पांना म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पन पाय थाऱ्यावर न्हाई तिचा. लग्नानंतर फळाबिळा चालायचा न्हाई."

आता आप्पा 'बरं' म्हणून मान डोलावणार, असंच मला वाटलं.

"पाव्हणं," आप्पा म्हणाले, "आमच्या पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं चालत आल्या. मी उसापायी थांबलो, तर अजून मला घरात करमत न्हाई. तिचा पाय कुठनं थाऱ्यावर राहील?"

पाहुण्यांनी चहा संपवला आणि ते निघून गेले. सोयरीक मोडली म्हणून आईनं दिवसभर भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईऐवजी आप्पाच किटली घेऊन डेअरीवर आले. मी नुसते दर लिहिले होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मोकळी जागा दिसली.

"खाली काय न्हाई?"

"सुचलं न्हाई."

"मी सांगतो, लिही. आमची पोरगी दौंडला कॉम्प्युटर शिकाया जाती."

माझ्या हातातला खडू मोडला. "आप्पा, खरंच?"

"आधी लिही."

मी लिहिलं. आप्पांनी मागच्या माणसाला पुढे ओढलं, "वाच रं, मोठ्यानं." त्यानं वाचलं. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. मला रडू येत होतं आणि पळतही सुटावंसं वाटत होतं.

आप्पांनी किटली उचलली. "आता गावानं वाचलंय," ते म्हणाले. "आता मला बी मागं फिरता यायचं न्हाई."