श्यामभाऊंच्या ठोक्यावरची खार

कसबा पेठेतल्या तांबटांच्या आळीत श्यामभाऊंच्या समोरच माझं शिवणकामाचं दुकान आहे. त्यामुळे माझ्या मशीनची टरटर मला कधी ऐकूच येत नाही. श्यामभाऊ तांब्याच्या भांड्यांवर हातोडीनं ठोके घालतात, तीन जोरात, एक हळू. बोलतातही त्याच पट्टीत. शेजारी नवी इमारत झाल्यापासून दुसऱ्या मजल्यावरची नीरजा अधूनमधून खिडकी उघडून सांगते, "काका, जरा हळू." श्यामभाऊ मान वर न करता म्हणतात, "हळू सांगून तांबं ऐकत नाही हो." पण ते त्यांना लागतं. त्या दिवशी चहा पांचट झाला तरी ते तक्रार करत नाहीत, त्यावरून मला कळतं.

एवढ्या गोंगाटात एक खार मात्र मजेत राहते. भारी धीट बाई आहे. माझ्या कात्रणांतलं अस्तर पळवते, पोत्याची सुतळी कुरतडून नेते आणि श्यामभाऊंच्या गुडघ्याजवळचे शेंगदाणे उचलते, तेही ठोके चालू असताना. चहासाठी त्यांचा हात थांबला की ही पत्र्यावर पळालीच. मी चिडवायचे, "तिचा जीव तुमच्यावर नाही, हातोडीवर आहे."

यंदा उन्हाळ्यात एकजण दुरुस्तीला टाकलेला हंडा न्यायला आला. श्यामभाऊंनी फळीवरून हंडा काढला, आत पाहिलं आणि तसेच उभे राहिले. माझ्याच अस्तराच्या चिंध्यांचा गोळा, आणि त्यात तीन पिल्लं, बोटाएवढी, डोळेही न उघडलेली. खार चिरचिरत विजेच्या तारेवर गेली. श्यामभाऊंनी हंडा होता तिथे ठेवला आणि गिऱ्हाइकाला पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

मग हातोडी खाली ठेवली. बाळंतिणीला शांतता हवी, असं त्यांच्या डोक्यात बसलं. दुकानोदुकानी जाऊन त्यांनी हात जोडले आणि अख्खी आळी गप्प झाली. काय झालं म्हणून नीरजाही खाली उतरली. सगळे कारागीर उंबऱ्यांवर बसून हंड्याकडे टक लावून बघत होते.

ऊन चढलं तरी खार तारेवरून उतरेना. भुकेनं पिल्लांची वळवळ मंदावली. श्यामभाऊ सारखे उठून हंड्यात बघायचे, परत बसायचे. त्यांचा चेहरा मला बघवेना. आणि ते पुन्हा उठायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"श्यामभाऊ, ठोका."

"नाजिमाभाभी, एवढेसे जीव आहेत ते. घाबरतील."

"पोटात असल्यापासून तेच ऐकतायत. तुमचा हात चालू असला की तुम्ही जागचे हलणार नाही, हे तिला ठाऊक आहे. गप्प बसलेल्या माणसाचा काय भरवसा?"

त्यांनी एक झाकण पुढ्यात ओढलं आणि हलकेच ठोकलं. खार तशीच. "नीट ठोका, नेहमीसारखं," मी म्हणाले. तीन जोरात, एक हळू. पलीकडच्या दुकानानं साथ धरली, मग त्याच्या पलीकडच्यानं. खार तारेवरून पत्र्यावर आली, पत्र्यावरून फळीवर, आणि हंड्यात उतरली. कुणी ओरडलं नाही, फक्त आळीभर ठोके वाढले. मी पदरानं डोळे पुसले आणि हसतही होते.

झाकण केव्हाच झालं होतं, तरी श्यामभाऊ त्यावर ठोकत राहिले. संध्याकाळी नीरजाची खिडकी उघडली.

"काका," ती म्हणाली. श्यामभाऊंनी सवयीनं मान खाली घातली. "दमला असाल, पण थांबू नका हं."

श्यामभाऊ माझ्याकडे वळले आणि आळीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बघा भाभी, जन्मभर सगळे हळू हळू म्हणत आले. आणि ही पोरं माझ्या आवाजात झोपलीयत."

ते इतके हसले की ठोका चुकला. खारीनं लगेच हंड्यातून डोकं वर काढलं, आणि श्यामभाऊ घाईघाईनं पुन्हा ठोकायला लागले.