आधी ज्याचा आवाज त्याला

गावात कुणाचं बोलणं रेकॉर्ड करून झालं, की साळवे मॅडम हेडफोन स्वतःच्या कानाला लावत नसत. आधी बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर चढवत. पदरावरून, टोपीवरून, जसे बसतील तसे. मग शेजारी मांडी घालून त्याचा चेहरा बघत राहत. "आधी ज्याचा आवाज त्याला. मंग आपल्याला," हा त्यांचा नियम.

मॅडम मूळच्या जाफराबादच्या. विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवायच्या, पण बोलायच्या घरच्यासारखंच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भाषेचा अभ्यास म्हणजे जाड पुस्तकं, एवढंच मला ठाऊक होतं. मॅडमनी मला संगणकासमोर बसवलं. पडद्यावर आवाजाची नक्षी उमटते, तिच्याखाली एकेक शब्द बसवायचा. माणूस कुठे थांबला, कुठे त्याने दम घेतला, तेही नोंदवायचं. मला वाटे, झालं. त्या म्हणत, "आणखी एकदा ऐक पोरी. कान लई घाईचा असतो. त्याला जे ठाऊक तेच ऐकतो."

बायका गोष्ट सांगताना कुठे थांबतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी सलग, मोकळं बोलणं हवं होतं आणि मशीन दिसलं की बायका दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळ्या होत. मुदत संपत आली. शेवटी टेंभुर्णीत कौसाबाई भेटल्या. शेंगा फोडता फोडता त्यांनी माहेरापासून सुरुवात केली आणि मशीनचा त्यांना विसरच पडला. असं बोलणं मला तोवर कुठेच मिळालं नव्हतं. माझा प्रबंध तरला, असं मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा.

मग मॅडमनी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले. कौसाबाई आधी हसल्या, मग त्यांनी हेडफोन उतरवून ठेवले. घरातली एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघून गेली होती. "हे नगं माय. सगळंच पुस," त्या म्हणाल्या.

मी मॅडमकडे पाहिलं. निदान तेवढाच भाग काढू, असं त्या म्हणतील, अशी आशा होती. त्यांनी कौसाबाईंसमोरच सगळं पुसलं आणि पुसल्याचं दाखवलंही. परतताना जीपमध्ये मी रडकुंडीला आले होते. मॅडम मला शेंगा सोलून देत होत्या. "राग आला ना? येऊ दे. पण तिचं बोलणं तिचंच हाय, तुझ्या प्रबंधाचं न्हाई."

पंधरवड्याने टेंभुर्णीहून निरोप आला, या म्हणून. गेलो तर कौसाबाईंच्या ओसरीवर शेजारच्या बायका जमलेल्या. कौसाबाई त्यांना सांगत होत्या, "बिनघोर बोला गं. ही बाई पुस म्हणलं की पुसती." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बायका बोलत राहिल्या. माझा प्रबंध त्या ओसरीवरच्या बोलण्यावर उभा आहे.

निवृत्तीनंतर मॅडम जाफराबादला राहायला गेल्या. आजारी होत्या तेव्हा मी त्यांचंच बोलणं रेकॉर्ड केलं. बालपण, शाळा, नोकरी, सगळं. झाल्यावर हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले. त्या खूश झाल्या; मी विसरले नव्हते म्हणून. शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, "मधलं तेवढं काढ. बाकीचं ऱ्हाऊ दे."

त्यांच्यासमोरच मी ते काढलं.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. शोकसभेत ते रेकॉर्डिंग लावलं. नंतर एका प्राध्यापकांनी विचारलं, मधे आवाज तुटतो, मशीन बिघडलं होतं का?

"नाही सर," मी म्हणाले. "त्यांनी पुस म्हटलं होतं."

तो भाग मला शब्दन् शब्द आठवतो. त्या कुठे थांबल्या होत्या, तेही. पण तो मी आजवर कुठेच लिहून ठेवलेला नाही.