बाबांची मिशी

आमच्या भिंतीवरच्या बाबांना कितीतरी वर्षं मिशी होती. चांगली, टोकांना पीळ दिलेली. खऱ्या बाबांना ती नव्हती.

बाबा लातूरच्या छोट्या गाडीच्या लायनीवर गँगमन होते. रूळ सरळ ठेवायचे, खडी भरायची, एवढंच काम. रेल्वेतल्या ज्या माणसांनी फौजेत नाव दिलं होतं, त्यांना एकाहत्तरच्या लढाईत बोलावणं आलं. तुटलेले रूळ जोडायला. बाबांनी तिथेही पहारच चालवली. वरून बॉम्ब पडला तेव्हा हातात तीच होती. मी तेव्हा अगदी लहान होते.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला, आणि रेल्वेने मायला स्टेशनवर नोकरी दिली. प्रवाशांना पाणी पाजायची. रांजण बहुतेक कोरडाच असे. माय त्याच्याशेजारी बसून येईल त्याला "न्हाई" म्हणून सांगे. नोकरी तिने चोख केली.

लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं: कचेरी, कलेक्टर, आणि सत्कार करायला वीरपत्नी. निरोप आला, फोटो आणा, वर्दीतला. आमच्याकडे गँगचा एकच फोटो होता, त्यात बाबांचं तोंड हरभऱ्याएवढं. मामाने तो नांदेडला एका पेंटरकडे नेला. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने बाबांना मोठं केलं, वर्दी चढवली, छातीवर दोन पदकं लावली आणि वर मिशीही दिली.

माय म्हणाली, "मिशी न्हवती यांना."

मामा म्हणाला, "अक्का, फौजी माणूस हाय. बिनमिशीचा कोण खरा मानंल?"

कलेक्टरसाहेबांनी मिशीवाल्या बाबांना हार घातला. मला खरा चेहरा आठवतच नव्हता, म्हणून पेंटरने दिला तो मी मुकाट्याने घेतला. शाळेत 'माझे वडील' या निबंधात मी मिशीवर अख्खा परिच्छेद लिहिला. पहिलं बक्षीस मिळालं.

पुढे माय अंथरुणाला खिळली, तेव्हा एके दिवशी म्हणाली, "फोटोतली मिशी काढून आण."

मी वैतागले. "आता? इतकी वर्षं चालली ना?"

"लग्नात व्हती मिशी. लई मोठी. मग तू झालीस. यांनी जवळ घेतलं की तू किंचाळायची, टोचायची तुला. न्हाव्याकडं गेले अन् काढून आले. परत ठेवली न्हाई. गँगमधले हसायचे, तर म्हणायचे, लेक रडती." जरा दम घेऊन ती म्हणाली, "मी गेल्यावर हे सांगणारं कोणी न्हाई."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुला बक्षीस मिळालं व्हतं."

पेंटर वारला होता. त्याच्या मुलाने काम करून दिलं. ओठांवर जरा फिका पट्टा राहिला. शेजारीण येऊन विचारून गेली, हे कोण म्हणून. मायने मात्र फोटो छातीशी धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हां. हे."

मग तिला झोप लागली. मी फोटो उचलला आणि कोणी बघत नाही ना ते पाहून काचेला गाल लावला. काच गार होती. टोचलं काहीच नाही, तरी मी रडले.