चहा पाजून काढलेला दाखला

आमच्या डोंबिवलीच्या शाळेतले आधीचे मुख्याध्यापक भलतेच फटकळ. पालकांसमोर टेबलावर हात आपटायचे. पण नववीतलं कच्चं पोर त्यांनी कधी शाळेबाहेर काढलं नाही. निकाल पडला तर पडला, आपलं नाक जाईल, पोराचं वर्ष नको, म्हणायचे.

मग त्यांच्या जागी मोठ्या बाई आल्या. माजिवड्याच्या एका हॉटेलात भावनिक बुद्धिमत्तेचं तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आलेल्या. आवाज एकदम मऊ. कोणाच्या घरी काय चाललंय, सगळं ठाऊक. माझ्या सासूच्या ऑपरेशनला त्यांनी न मागता रजा दिली होती. आम्ही सगळ्या खूष. मीही, मूर्खासारखी.

मार्चमध्ये त्यांनी माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला बोलावलं. आई मानपाड्याला कंपनीत पॅकिंगला, अर्धा खाडा करून आलेली. मुलगी गणितात कच्ची, पण शाळा सुटल्यावर मी तिला रोज थांबवून शिकवत होते आणि ती सुधारत होती. हे मी मोठ्या बाईंना सांगितलेलं.

बाईंनी मलाही केबिनमध्ये बसवून घेतलं, चहा मागवला. आईचा हात हातात घेतला, नवऱ्याच्या दारूबद्दल विचारलं, डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी खोटंही नव्हतं, त्याचाच मला अजून संताप येतो. मग हळूच म्हणाल्या, पोरीवर किती ताण आहे, दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरून तिला बाहेरून दहावी देऊ दे. म्हणजे पोर गेली आणि शाळेचा निकाल शंभर टक्के.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही शिकवता तिला. तुम्हीच सांगा."

मला ती रजा आठवली. मी म्हणाले, "मोठ्या बाई तुमच्या भल्याचंच सांगतायत."

आईला नीट लिहिता येत नव्हतं. अर्ज मीच लिहिला. 'स्वखुशीने' हा शब्दसुद्धा माझ्याच अक्षरात आहे. सही करून तिनं आम्हा दोघींचे आभार मानले. आधीचे सर तिच्यावर खेकसले असते, तर ती भांडली तरी असती.

मी वर्गात गेले. मुलगी गणिताची वही उघडून माझी वाट बघत बसलेली. दहा उदाहरणं दिली होती. लाल पेन घेऊन मी सगळी तपासली. नऊ बरोबर होती.