गुलाब नव्हताच

ऑफिसात मला पर्यावरण मंत्री म्हणतात. फ्रीगंजमधल्या आमच्या विम्याच्या ऑफिसातून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या गेल्या आणि कोपऱ्यात माठ आला, तो माझ्यामुळे. एका बाजूनं कोऱ्या राहिलेल्या कागदांच्या मी वह्या शिवतो. घरी, माधव नगरला, गच्चीवरच्या ड्रममध्ये निर्माल्याचं खत होतं. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी मीटिंगमध्ये मला उभं करून विचारलं, "बताइए, ये सब शुरू कैसे हुआ?" मी म्हटलं, आईचे संस्कार. टाळ्या पडल्या. आई तेव्हा होती. तिनं जन्मभर केर मागच्या खिडकीतून नालीत टाकला होता.

खरं कसं सुरू झालं ते आता लिहितो. बायकोलासुद्धा हे सांगितलेलं नाही.

आईला साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन मीच द्यायचो. वापरलेल्या सुया कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायचो. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते. त्या गाडीवर तेव्हा एक बाई असायची, वयानं माझ्याएवढीच. सगळी गल्ली तिला दीदी म्हणायची. एक दिवस तिनं माझ्या बादलीतली ती पुडी उघडली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात परत ठेवली.

"भाईसाब, सुई ऐसे नहीं. डिब्बे में बंद करके दो, हम अलग रखेंगे."

समोरचे शेजारी हसले. "लो, पढ़े-लिखे फेल हो गए."

ती चुकीचं काहीच बोलली नव्हती. पण मला चारचौघांत सांगणारी ही कोण, असं माझ्या मनात आलं. आलं होतं, म्हणून लिहितो.

आईकडे डबा मागितला. "सुयांना माझा डबा? मग तो ओट्यावर परत यायचा नाही, सांगून ठेवते." झालं, राहिलं ते राहिलंच. सुया कपाटाच्या खणात साठत गेल्या.

मग गौरी-गणपती आले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निर्माल्याची मोठी पिशवी भरली होती. गाडीचं गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं आणि मी खणातल्या सगळ्या सुया उचलून त्या फुलांत, मधोमध, खुपसल्या. कारण निर्माल्य ती कधी तपासत नसे. उजव्या हातातला रबरी मोजा काढायची, पिशवी उघड्या हातानं घ्यायची, कपाळाला लावायची आणि गाडीच्या पुढच्या बाजूला बांधलेल्या टोपलीत ठेवायची. एकदा मी विचारलं होतं तर म्हणाली, "भगवान का है, भाईसाब. गंदे दस्ताने से कैसे लूँ?"

म्हणजे ती मोजा काढते हे मला माहीत होतं. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं. आता राहू देतो.

त्या दिवशी पिशवीचा बंद तुटला. फुलं रस्त्यावर पडली. कुणाचा पाय लागू नये म्हणून ती पटकन खाली बसली आणि ओंजळीनं गोळा करू लागली. मी दारातच उभा होतो. मला ओरडता आलं असतं. तिनं हात झटकन मागे घेतला. तर्जनीवर रक्ताचा थेंब आला, अगदी लहान.

तिनं वर माझ्याकडे बघितलं. "काँटा है क्या, भाईसाब? गुलाब है इसमें?"

"हाँ," मी म्हटलं, "गुलाब का काँटा होगा."

पिशवीत झेंडू होता आणि शेवंती. गुलाब त्या वर्षी आणलाच नव्हता. तिनं बोट दाबलं, पदराला पुसलं, राहिलेली फुलं खराट्यानं सुपलीत घेतली आणि गाडी पुढे गेली.

पंधरा-वीस दिवसांनी गाडीवर दुसराच माणूस दिसला. दीदी कुठे गेली हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं. आईला साखरेखेरीज रक्तातून लागणारं दुसरं काही नव्हतं, असं मी स्वतःला समजावायचो. दीदीला ते कुठे माहीत होतं, हे लगेच त्यामागून यायचं. रोज सकाळी ते गाणं वाजलं की मला माझं "हाँ" ऐकू यायचं, माझ्याच आवाजात. अजून येतं.

त्यानंतर मी कचरा स्वतः, उघड्या हातानं निवडायला लागलो. सुयांसाठी जाड झाकणाची बरणी केली, वर लाल अक्षरांत लिहिलं. फुटकी काच चार थरांत गुंडाळायची. निर्माल्य तर घराबाहेर जाऊच द्यायचं नाही, म्हणून तो ड्रम. बायको म्हणायची, "अहो, कचरा आहे तो. लेकीची पाठवणी केल्यासारखं काय करताय?" लोकांना वाटलं, हा सुधारला. एकातून एक होत गेलं. माठ, वह्या, कापडी पिशव्या. बंद करायची भीती वाटायची.

यंदा थंडीत आई गेली. शेवटची बरणी अर्धीच भरली होती.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या दारात गाडी थांबली आणि गाडीवर ती होती. तिला नुसता दुसरा भाग मिळाला होता. मी पायऱ्या उतरलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. सुया होत्या, मीच घातल्या होत्या, मुद्दाम.

तिनं गाणं बंद केलं. "मालूम है. गुलाब तो था ही नहीं उसमें."

"तो पूछा क्यों?"

"आप बोल देते, इसलिए." मग म्हणाली, "छह महीने में तीन बार खून जँचवाया. कुछ नहीं निकला. पर छह महीने मैंने घर में आटा नहीं गूँधा. किसी ने रोका नहीं था. हाथ ही नहीं जाता था."

माझी आई निरोगी होती वगैरे मी सुरू केलं. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, मीही माफी मागितली नाही.

तेवढ्यात शेजारचा मिठाईवाला दुकानातल्या तसबिरींचे कालचे हार घेऊन आला. "दीदी, भगवान का है." तिनं हात पुढे केला. मोजा हातातच होता. त्याच हातानं हार कपाळाला लावल्यासारखे केले, टोपलीत ठेवले आणि गाणं परत चालू केलं.